पर्जन्यवृक्षाखाली बसणारी माणसं

जुलैच्या भर पावसात आमच्या रुग्णालयाच्या आवारातल्या सगळ्यात मोठ्या झाडावर करवत चालणार होती. ती मी थांबवली. त्याबद्दल पक्षिप्रेमी मित्रांनी माझं कौतुकही केलं. पण त्याच दुपारी झाडाखाली बसलेल्या एका बाईंनी मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी पुण्यात एका संस्थेच्या रुग्णालयांची झाडं आणि बागा सांभाळतो. हुद्दा उद्यान अधिकारी, शिक्षण शेतकी कॉलेजचं. रुग्णालयातली बाग म्हणजे गुलाबांना खत आणि हिरवळीला पाणी, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात आमचे माळी सकाळी वाफ्यात हात घालण्याआधी लांब चिमट्याने माती उलथून बघतात, कारण वॉर्डाच्या खिडक्यांखाली सुया सापडतात. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम 1998 पासून आहेत, 2016 मध्ये ते नव्याने आले, कुठल्या रंगाच्या डब्यात काय टाकायचं याचे तक्ते भिंतीभिंतीवर आहेत, तरी सापडतात. माळ्यांना हेपॅटायटिस बीची लस मिळावी म्हणून मला भांडावं लागलं. ते वॉर्डात जात नाहीत, मग त्यांना कशाला, असं मला विचारण्यात आलं होतं.

बाकीचे नियमही बाहेरच्यांना सुचणार नाहीत असेच आहेत. ऑक्सिजनच्या टाकीभोवती वाळलेलं पानसुद्धा साचू द्यायचं नाही. कुंडीखाली ताटली ठेवायची नाही, कारण डेंग्यूचा डास तेवढ्याच पाण्यात वाढतो. ज्या वॉर्डात केमोथेरपीचे रुग्ण असतात, तिथे जवळपास खणायचं नाही आणि पालापाचोळ्याचा ढीग लावायचा नाही. कुजणाऱ्या पाचोळ्यात अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी असते. तुमच्याआमच्या नाकात तिचे बीजाणू रोज जातात आणि काही होत नाही, पण प्रतिकारशक्ती गेलेल्या माणसाच्या फुप्फुसात ती वाढू शकते. सप्तपर्णी तर मी नव्याने लावतच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती फुलली की त्या उग्र वासाने दम्याच्या रुग्णांचे हाल होतात.

आता त्या झाडाबद्दल. ते पर्जन्यवृक्ष, म्हणजे आपण सगळे ज्याला रेन ट्री म्हणतो ते. मूळचं दक्षिण अमेरिकेकडचं, इंग्रजांच्या काळात आपल्याकडे आलेलं. माझा कल देशी झाडांकडे. गेल्या काही वर्षांत मी आवारात बकुळ, करंज, ताम्हण, पुत्रंजीवा लावले आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण कॅज्युअल्टीच्या दाराशेजारी उभं असलेलं हे परदेशी झाड जे काम करतं, ते माझ्या एकाही बकुळीला पुढची तीस वर्षं जमायचं नाही. त्याच्या आडव्या, लांबलचक फांद्यांखाली दोनशे माणसं सहज बसतात.

आणि बसतातच. सरकारी असो की धर्मादाय, आपल्याकडे एका रुग्णामागे दोन-तीन माणसं येतात. आयसीयूत त्यांना प्रवेश नाही, रात्री वॉर्डात एकालाच पास. उरलेले झाडाखाली. तिथेच डबा उघडतात, तिथेच झोपतात, तिथेच बसून पैशांसाठी फोन लावतात. बागेचा आराखडा काढणारे आर्किटेक्ट मात्र नेहमी चालायला बाहेर आलेला रुग्ण डोळ्यांपुढे ठेवतात. सलाईनचा स्टँड घेऊन पायवाटेवर फिरणारा रुग्ण मी फार क्वचित पाहिला आहे.

रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाचा 1984 सालचा एक अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळेच सांगतात. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, ज्यांना विटांची भिंत दिसत होती ते 8.70 दिवसांत. झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. हा अभ्यास दाखवून मी व्यवस्थापनाकडून बागेसाठी पैसे मंजूर करून घेतले आहेत. पण त्यात खाटेवरचा रुग्ण आहे, त्या रुग्णाची बाहेर बसलेली बायको नाही.

पावसाळा सुरू झाला की या झाडावर पक्ष्यांची वीण सुरू होते. नदी जवळच असल्याने ढोकरी, गायबगळे, रातबगळे आणि थोडे पाणकावळे येतात. काटक्यांची विरळ घरटी, खालून पाहिलं तर आरपार आभाळ दिसेल अशी. अंडी उबायला तीन आठवडे आणि पिल्लं उडायला पुढे महिना-सव्वा महिना. तोवर झाडाखाली पांढरी शिट, मेलेले मासे आणि एक वास, जो एकदा अंगाला लागला की बसमध्ये शेजारचा माणूस उठून जातो. तक्रारी दरवर्षी होतात आणि त्या खोट्या नसतात. शिट रुग्णवाहिकांवर पडते, स्ट्रेचरवर पडते. आमच्या इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर मला पक्ष्यांचा वकील म्हणतात. त्यांच्याशी माझे वाद होतात, पण त्या जे बोलतात ते अभ्यास करून बोलतात.

त्या सकाळी आमच्या जुन्या माळीमामांचा फोन आला, “साहेब, लवकर या, गाडी लागलीय झाडाला.” मी पोचलो तेव्हा ठेकेदाराचा माणूस दोर बांधून वर चढलेला होता आणि एक फांदी खाली आली होती. मुकादमाने महापालिकेच्या परवानगीचा कागद पुढे केला. कागद खरा होता. महाराष्ट्रात 1975 च्या वृक्ष कायद्यानुसार शहरातल्या झाडाला हात लावायचा तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि ती एप्रिलमध्ये मिळाली होती, मान्सूनपूर्व छाटणीसाठी, धोकादायक फांद्यांपुरती. ठेकेदार उगवला जुलैत.

ठेकेदार उशिरा का येतो आणि आल्यावर काय कापतो, हे समजायचं तर त्याचा हिशोब समजून घ्यायला हवा. छाटणीचे दर इतके कमी ठरतात की त्याची कमाई लाकडात असते. पर्जन्यवृक्षाची फांदी वाऱ्यात मोडते ती टोकाकडच्या वजनामुळे. म्हणून टोकाकडच्या बारीक फांद्या विरळ करायच्या असतात. बारीक फांद्यांना भाव नाही. मग बुंध्याजवळची जाड, निरोगी फांदी उडवली जाते, तीही वरून एकाच घावात, म्हणजे पडताना खालची साल फाडत जाते. नीट पद्धतीत आधी खालून खाच घ्यायची, थोडं पुढे वरून कापायचं आणि उरलेला खुंट शेवटी काढायचा, फांदीच्या मुळाशी असलेला फुगवटा शाबूत ठेवून. तो फुगवटाच जखम भरून काढतो. खाली आलेली फांदी माझ्या मांडीएवढी जाड होती, आत कीड नाही, पोकळी नाही, आणि झाडाला हातभर साल सोललेली.

फांदीबरोबर घरटी आली होती. ढोकरीची पिल्लं घाबरली की पोटातलं सगळं ओकून टाकतात. मामांनी एक पिल्लू उचललं तर त्याने त्यांच्या हातावर अर्धवट पचलेले दोन बेडूक टाकले. मामांनी हात तसाच धरून ठेवला. त्या पिल्लाची पिसं अजून नळीतच होती आणि पाय अंगाच्या मानाने भलतेच मोठे, हिरवट. काही पिल्लं मेली होती.

मी मुकादमाला सांगितलं की 1972 च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी नासणं हे शिकारीतच मोडतं, आणि परवानगी फांदीची आहे, घरट्याची नाही. त्याने साहेबांशी बोलून घ्या म्हटलं. मी वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन लावला आणि तो फोन चालू असतानाच वरच्या माणसाला खाली उतरवलं. वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, जिवंत पिल्लं उपचारांसाठी गेली. काम बंद. झाड वाचलं.

मग व्यवस्थापनाची तातडीची बैठक झाली. सिस्टरांनी सांगितलं की झाड तसंच राहणार असेल आणि वर शेकडो पक्षी असतील, तर खाली कुणाला बसू देता येणार नाही. वरच्या मजल्यावर प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण आहेत, आणि हेच नातेवाईक शिट लागलेल्या कपड्यांनी भेटीच्या वेळी तिथे जातात. मला खोडता येईल असं त्यात काही नव्हतं. तासाभरात सुरक्षारक्षकांनी झाडाभोवती लाल-पांढरी फीत बांधली आणि माणसं उठवायला सुरुवात केली. पाऊस पडत होता.

एक बाई उठेनात. शिरूरकडच्या होत्या. नवरा आयसीयूत, अनेक दिवस त्या तिथेच. प्लास्टिकचा कागद दोन विटांनी दाबून त्यांनी बसायची सोय केली होती, कागदावर शिट पडत होती, ती त्या सकाळ-संध्याकाळ धूत होत्या. फांदी पडली तेव्हा पिल्लं गोळा करायला मामांना त्यांनीच स्वतःची पाटी दिली होती. मी त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, “मावशी, पक्ष्यांची पिल्लं आहेत वर, कायद्यानं हलवता येत नाहीत. तुम्हाला इथं बसणं बरं नाही.”

त्या म्हणाल्या, “पाखरास्नी कायदा हाय, चांगलंच हाय की. आमास्नी कंचा कायदा हाय, दादा? आमी कुठं बसायचं?”

त्या चिडलेल्या नव्हत्या. त्यांना खरोखर जागा हवी होती, आणि माझ्याकडे दाखवायला जागा नव्हती. त्यांनी कागद घडी करून काखेत धरला आणि कॅज्युअल्टीच्या रॅम्पखाली जाऊन उभ्या राहिल्या. तिथूनही शिट्टी वाजली.

आवारात जागा नाही असं मात्र नाही. मुख्य इमारतीसमोर मोठी हिरवळ आहे, भोवती पाइपचं कुंपण, आणि “हिरवळीवर बसू नये” अशी पाटी. माझ्या माणसांचे सगळ्यात जास्त तास आणि उन्हाळ्यातलं सगळ्यात जास्त पाणी त्या हिरवळीवर खर्च होतं. तिच्यावर कुणी बसत नाही, कुठला पक्षी तिथे अंडी घालत नाही. ती पाहुण्यांच्या गाड्या येतात तेव्हा दिसावी म्हणून आहे. माणसं आणि बगळे एकाच झाडाच्या सावलीसाठी भांडताहेत असं सगळे म्हणत होते, मीही बैठकीत तसंच बोलत होतो, आणि वीस पावलांवर ही मोकळी जागा कुंपण घालून राखलेली होती.

मी त्याच संध्याकाळी प्रशासकांना भेटलो. हिरवळ खुली करा, वर पत्र्याची शेड टाकू, कडेने मी करंज लावतो. ते म्हणाले, “एकदा बसू दिलं की धुणं वाळत घालतील.” घालतील. महिना-महिना मुक्काम असलेल्या माणसाने धुणं कुठे घालायचं? पण हिरवळ मिळाली नाही. बऱ्याच रदबदलीनंतर डॉक्टरांच्या दुचाकींच्या शेडचा अर्धा भाग पावसाळ्यापुरता मिळाला. तो सुरू होईपर्यंत त्या बाई गेल्या होत्या. त्यांचा नवरा बरा होऊन गेला की कसा, ते मला कळलं नाही. मी आयसीयूत विचारू शकलो असतो, पण त्यांचं नावच मला माहीत नव्हतं.

सप्टेंबरअखेर पक्षी उडून गेले आणि फीत निघाली. छाटणीच्या करारात मी दोन अटी घालून घेतल्या आहेत. काम मे संपायच्या आत, आणि लाकूड रुग्णालयाचं, ठेकेदाराचं नाही. दर वाढवून द्यावा लागला, पण यंदा छाटणी मी समोर उभा राहून करून घेतली, टोकं विरळ, फुगवटे शाबूत. सोललेल्या जागेच्या कडेने नवी साल आत सरकते आहे. जूनमध्ये ढोकऱ्या आल्या.

नातेवाइकांसाठीच्या शेडची फाइल समितीपुढे आहे. गेल्या बैठकीत ती पुन्हा पुढे ढकलली गेली, आणि त्याच बैठकीत मला झाडाभोवती फीत बांधायला माळी द्या असं सांगण्यात आलं. फीत बांधायची तर आधी माणसांनी कुठे बसायचं ते ठरवा, तोवर माझे माळी मिळणार नाहीत, असं मी लेखी कळवलं आहे.