तुम्ही विचारलंत म्हणून: स्टार वॉर्सची चित्रं आणि पडदा

स्टार वॉर्स या अवकाशातल्या सिनेमांच्या कॉन्सेप्ट आर्टबद्दल, म्हणजे चित्रीकरणाआधी काढलेल्या कल्पनाचित्रांबद्दल, एक प्रश्न हमखास येतो. चित्रात एक आणि सिनेमात भलतंच, मग एवढी मेहनत कशाला?

फरक आहेच. ही चित्रं काढणाऱ्या राल्फ मॅक्वारीच्या सुरुवातीच्या चित्रांत पांढऱ्या चिलखतातले सैनिक, म्हणजे स्टॉर्मट्रूपरही, लाइटसेबर (प्रकाशाच्या पात्याची तलवार) घेऊन उभे आहेत; सिनेमात तसं नाही. पण पडद्याची हुबेहूब प्रत आधीच काढून ठेवणं हे या चित्रांचं काम नव्हतंच. पटकथेत शब्दांखाली झाकून राहिलेल्या अडचणी चित्रात उघड्या पडतात. मॅक्वारी पूर्वी बोइंगमध्ये तांत्रिक चित्रकार होता, आणि 1975 मध्ये स्टार वॉर्सचा दिग्दर्शक जॉर्ज लुकस याच्यासाठी काम करताना त्याची ती नजर कामी आली. तेव्हाच्या पटकथेत खलनायक डार्थ व्हेडर एका यानातून दुसऱ्या यानात अवकाशातून जाणार होता. मग तो श्वास कसा घेणार? मॅक्वारीने त्याला श्वसनाचा मुखवटा सुचवला. पुढे तो प्रसंग गेला, मुखवटा मात्र राहिला. व्हेडरचा तो घरघरता श्वास त्या मुखवट्यामुळेच.

दुसरं काम आकारमान पटवण्याचं. इथे शिकणारे सर्वात जास्त चुकतात, म्हणून जरा थांबतो. पडद्याचं प्रमाण धरून 35 सेंटिमीटर रुंद, 15 सेंटिमीटर उंच चौकट आखा. त्यात 50 मीटर उंचीचं यान 12 सेंटिमीटरचं काढलंत, तर त्याच्या पायाशी उभा माणूस जेमतेम 4 मिलिमीटरचा हवा. बहुतेक जण चेहरा दिसावा म्हणून त्याला सेंटिमीटरभर करतात. तेवढ्यानेच यान 20 मीटरवर येतं. मग त्यावर कितीही पाइप आणि खिडक्या काढा, ते मोठं वाटत नाही. क्षितिजरेषा त्या माणसाच्या डोळ्यांतून न्या. यान आपोआप डोक्यावर येतं.

रंग म्हणाल तर मॅक्वारी गवाश (पोस्टर कलरसारखा, पाण्यात कालवायचा अपारदर्शक रंग) आणि ॲक्रिलिक वापरायचा. इंटरमिजिएटच्या परीक्षेला पोस्टर कलर घासलेल्यांना गवाशचा स्वभाव नव्याने सांगायला नको. गडद छटा वाळल्यावर फिकी होते, फिकी थोडी गडद. म्हणून ज्या बोर्डावर चित्र काढणार, त्याच्याच तुकड्यावर रंगाचा पट्टा ओढून पूर्ण वाळू द्या, मगच रंग ठरवा. दुसऱ्या थरात पाणी जास्त झालं की खालचा थर उठून चिखल होतो, आणि रंग फार जाड लावला तर तडकतो. आधी आकाश आणि जमीन, मग मोठे आकार तीनच छटांत. बारकावे सर्वात शेवटी, तेही नजर जिथे थांबावी तिथेच. सगळीकडे सारखे बारकावे भरले की चित्र गोंगाट करतं.



आणि नाकारलेली चित्रं वायाच गेली असंही नाही. च्युबाका या केसाळ पात्रासाठी मॅक्वारीने आधी काढलेला मोठ्या डोळ्यांचा, टोकदार कानांचा प्राणी सिनेमात आला नाही. पण 2014 च्या 'रिबेल्स' या स्टार वॉर्सच्याच ॲनिमेशन मालिकेतलं झेब हे पात्र पाहा. ते त्याच चित्रावरून घडवलेलं आहे.