डंडीजवळच्या जवाच्या शेतात

आज स्कॉटलंडमध्ये जवाच्या वाणांचे चाचणी प्लॉट बघून आलो. जव म्हणजे आपला सातू. इथे तो मार्चमध्ये पेरतात आणि ऑगस्टच्या पुढे-मागे काढतात.

प्रत्येक वाणाचे दोन पट्टे होते, एक बुरशीनाशक फवारलेला आणि एक बिनफवारणीचा. मी बिनफवारणीच्या बाजूलाच रेंगाळलो, कारण वाणाचा खरा कस तिथेच लागतो. 'लॉरिएट' आणि 'प्लॅनेट' या नव्या वाणांची पानं भुरीपासून, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीच्या रोगापासून, स्वच्छ. शेजारी 'गोल्डन प्रॉमिस' मात्र खालपासून पांढरं पडलेलं. गॅमा किरणांच्या उत्परिवर्तनातून आलेला हा बुटका वाण एकेकाळी व्हिस्कीवाल्यांचा लाडका होता, पण भुरीपुढे तो टिकत नाही. नव्या वाणांमध्ये भुरी अडवणारं एमएलओ जनुक असतं. युरोपातल्या बऱ्याच वाणांत ते इथिओपियाच्या देशी जवातून आलं, हे कळल्यावर मी थबकलोच. कुठल्या डोंगरातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जपलेलं बियाणं, आणि राखतंय कुठली शेतं!

रॅम्युलेरिया या दुसऱ्या बुरशीच्या रोगाची काळजी मात्र वाटते. फुलोऱ्यानंतर वरच्या पानांवर बारीक तपकिरी ठिपके येतात आणि दाणा भरायच्या वेळीच पान वाळतं. त्यावर चालणारं क्लोरोथॅलोनिल हे बुरशीनाशक इथे 2020 पासून बंद आहे. म्हणून मी तरी नुसता उताऱ्याचा आकडा बघून वाण निवडणार नाही.

संध्याकाळी बाबांना फोटो पाठवले. त्यांनी जन्मभर मालदांडी ज्वारी पेरली. लगेच फोन आला, "कणसं छान आहेत रे, पण कडबा किती निघतो?"