सप्रेसर लावलेलं पिस्तूल न अडकता चालावं म्हणून: माझा अनुभव

सप्रेसर म्हणजे बाराचा आवाज कमी करायला नळीच्या तोंडावर बसवायचं नळकांडं. तो घेण्यामागे माझं कारण एकच होतं, कान. ९ मिमी पिस्तुलाचा बार १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि अशा क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानतात. चांगला सप्रेसर आवाज त्या रेषेखाली आणतो. सिनेमात दाखवतात तसं 'फुस्स' काही होत नाही. बार ऐकू येतो, स्लाइडचा (पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाचा) खडखडाट ऐकू येतो, आणि कानावरचं संरक्षण मी आजही उतरवत नाही. परवान्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, काही ठिकाणी सामान्य माणसाला सप्रेसर मिळतच नाही, म्हणून त्यात शिरत नाही. मला सांगायचं आहे ते परवानगी मिळून वस्तू हातात आल्यानंतरचं.

माझं पिस्तूल एरवी अजिबात कुरकूर न करणारं. सप्रेसर चढवला आणि पहिल्याच मॅगझिनमध्ये रिकामी पुंगळी स्लाइडच्या खिडकीत उभी अडकली. ती काढली, तर पुढची गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसायच्या जागेत) अर्धवट शिरून थांबली. शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे उघडी राहायला हवी, तीही राहिली नाही. वेगवेगळी वाटली तरी ही तिन्ही लक्षणं एकाच दुखण्याची आहेत: स्लाइड पुरेशी मागे जात नव्हती.

का जात नव्हती, हे समजायला पिस्तुलाची रचना डोळ्यासमोर हवी. आजची बहुतेक ९ मिमी पिस्तुलं जॉन ब्राउनिंगच्या पद्धतीवर चालतात. गोळी सुटते तेव्हा नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकलेल्या असतात. दोघी मिळून काही मिलिमीटर मागे सरकतात, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं, ती मोकळी होऊन थांबते आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. हा सगळा हिशेब नळीच्या मूळ वजनावर बसवलेला असतो. तिच्या तोंडावर दोन-तीनशे ग्रॅमचा सप्रेसर घट्ट बसवला की मागे ढकलायचं वजन वाढतं, शिवाय टोकाला लोंबणारा तो भार नळीला नीट झुकू देत नाही. धक्का तेवढाच, काम मात्र वाढलेलं.

यावर उपाय फार पूर्वीच निघालेला आहे, त्याला बूस्टर किंवा नीलसन डिव्हाइस म्हणतात. सप्रेसरच्या मागच्या भागात एक पिस्टन आणि स्प्रिंग असते. नळी जोडलेली असते पिस्टनला. बार झाला की आतला वायू सप्रेसरला पुढे आणि पिस्टनला मागे रेटतो. स्प्रिंग दबते, सप्रेसर क्षणभर जागच्या जागी राहतो आणि नळी त्याच्या वजनातून सुटून मागे जाते. मला ही रचना फार आवडते, कारण आवाज करणाऱ्या वायूलाच ती कामाला लावते.

माझ्या सप्रेसरला बूस्टर होता. तरी पिस्तूल अडकत होतं. रेंजवरच्या शस्त्र-मेकॅनिकने तो उघडला तेव्हा कारण दिसलं. आधीच्या मालकाने तो न हलणाऱ्या नळीच्या कार्बाइनवर (आखूड रायफलवर) वापरला होता आणि स्प्रिंगच्या जागी धातूचं अखंड नळकांडं बसवलं होतं. कार्बाइनसाठी ते अगदी बरोबर आहे, स्थिर नळीवर उसळता बूस्टर लावणं उलट घातक. पण झुकणाऱ्या नळीच्या पिस्तुलावर त्या नळकांड्यामुळे सगळा भार पुन्हा नळीवरच येत होता. स्प्रिंग बसवली आणि निम्म्याहून जास्त त्रास तिथेच संपला.

उरलेला त्रास काडतुसांचा होता. हवेत आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला सुमारे ३४३ मीटर प्रति सेकंद. ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) नेहमीची ९ मिमी गोळी बहुधा तो ओलांडते, त्यामुळे हवेत वेगळा कडाका उठतो आणि तो सप्रेसर थांबवू शकत नाही. म्हणून मी १४७ ग्रेनची, ३०० च्या आसपास वेगाची सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा मंद, काडतुसं वापरत होतो. त्यांतल्या एका प्रकाराची ताकद सौम्य होती आणि स्लाइड अधूनमधून कमी पडायची. त्याच वजनाची, थोडी जोमदार काडतुसं घेतल्यावर ते थांबलं. (.४५ बोअरचं पिस्तूल वापरणाऱ्यांना ही काळजी नाही, त्यांची २३० ग्रेनची गोळी मुळातच आवाजापेक्षा मंद.)

या टप्प्यावर अनेकांनी सल्ला दिला की स्लाइडला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग हलकी टाक. मी टाकली नाही, आणि माझं मत आजही पक्कं आहे. हलकी स्प्रिंग स्लाइडला मागे जाऊ देते, पण पुढची गोळी चेंबरमध्ये ढकलायचा जोरही कमी करते. सप्रेसर काढल्यावर तर स्लाइड फ्रेमवर जास्तच आदळते. बूस्टर, काडतूस आणि हाताची पकड तपासून झाल्याशिवाय पिस्तुलाच्या आतल्या भागांना हात लावू नये. पकडीचं म्हणाल तर मनगट सैल असलं की सप्रेसर नसतानाही पिस्तूल अडकतं. सप्रेसर ती ढिलाई लगेच उघडी पाडतो.

काही महिन्यांनी अडकणं परत सुरू झालं तेव्हा घाबरलो नाही. सप्रेसरमध्ये कोंडलेला वायू नळीतून मागे येतो, चेंबर, स्लाइड, मॅगझिन सगळं काळं करतो, आणि बूस्टरच्या खाचांतही काजळी साठते. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून सप्रेसर हाताने पुढे ओढून पाहिला. तो अडखळत सरकला आणि सोडल्यावर सावकाश परत आला. पिस्टन साफ केला, उष्णता सोसणारं ग्रीस लावलं आणि पिस्तूल पूर्ववत चालू लागलं. आता प्रत्येक सरावाच्या आधी ही ओढून पाहायची तपासणी ठरलेली. सोबत आटे घट्ट आहेत ना, हेही पाहतो, कारण सैल झालेला सप्रेसर तिरका बसतो आणि गोळी आतल्या बॅफलना, म्हणजे वायू अडवणाऱ्या पडद्यांना, घासू शकते. पहिल्यांदा लावला तेव्हा नळीतून सरळ सळई घालून सप्रेसरचं भोक मध्यावर आहे याची खात्रीही करून घेतली होती.

नवं पिस्तूल केवळ सप्रेसरसाठीच घ्यायचं असेल तर मी बेरेटा ९२ आधी पाहीन. तिची नळी झुकत नाही, सरळ मागे जाते, म्हणून टोकावरचा भार तिला कमी जाचतो. सप्रेसर जड असेल तर बूस्टर तिलाही लागू शकतो. बूस्टरची कटकटच नको असेल तर स्थिर नळीचं .२२ बोअरचं पिस्तूल घ्यावं. तिथे मुद्दा फक्त साफसफाईचा उरतो, आणि ती मात्र जरा जास्तच वेळा करावी लागते.