एका स्क्रूने खाल्लेले पाच महिने

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी "काय करतेस गं?" असं कुणी विचारलं की मी सांगायचे, "रेणूंवर इलेक्ट्रॉन मारते आणि ते कुठे उडतात ते मोजते." ऐकायला कॅरमसारखं. फरक एवढाच की इथे स्ट्रायकर वाटेतच वळतो.

1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (आमचं ऊर्जेचं माप) ऊर्जेचा इलेक्ट्रॉन सेकंदाला जवळजवळ 590 किलोमीटर पळतो, तरी आमच्या लेखी तो मंदच. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र फक्त 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास, पण तेवढ्यानेही तो साडेआठ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरू लागतो. म्हणून प्रयोगाच्या निर्वात चेंबरला आतून म्यू-मेटलचं, म्हणजे बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचं आवरण, बाहेरून ते क्षेत्र रद्द करणारी कॉइल.

सरांचा नियम होता: नायट्रोजनचे दात दिसल्याशिवाय दुसरा कुठलाही रेणू आत सोडायचा नाही. 2.3 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या रेणूत क्षणभर अडकतो, तात्पुरता ऋण आयन तयार होतो आणि विखुरणं एकदम वाढतं. रेणूच्या कंपनांमुळे त्या उंचवट्यावर छोट्या शिखरांची रांग उमटते, तेच दात. त्यांच्यातलं अंतर साधारण पाव इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तापलेल्या फिलामेंटमधून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत मुळातच त्याहून जास्त फरक असतो, त्यामुळे दात पार सपाट होतात. म्हणून इलेक्ट्रॉन आधी अर्धगोलांच्या फटीतून गाळून घ्यायचे. गाळून हाती उरतो जेमतेम नॅनोअँपिअर प्रवाह. विखुरून आलेल्या एकेका इलेक्ट्रॉनचा काउंट मोजत रात्री जागवायच्या.

माझी गोची अशी की ऊर्जेची डायल पाच इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर असली की सगळं झकास, आणि चारच्या खाली आणली की काउंट धाडकन पडायचे.

आधी मी पावसाला दोष दिला. जुलैत चेंबर उघडला होता, भिंतींवर पाणी बसलं असणार. वायू तपासणाऱ्या यंत्रावर 18 वस्तुमानाचा, म्हणजे पाण्याचा, खांबही ताडासारखा उभा. तीन दिवस 110 अंशांवर चेंबर भाजला. पाणी गेलं, दुखणं तसंच. मग संशय आला की पृष्ठभागावर प्रभार साठतोय. सगळे भाग काढून ग्रॅफाइटचा लेप नव्याने दिला. मग फिलामेंट बदललं. प्रत्येक उचापतीनंतर पुन्हा पंपिंग, पुन्हा भाजणं, म्हणजे दीड-दोन आठवडे पाण्यात.

शेवटी वर्कशॉपमधले काका आले. त्यांनी दोऱ्याला एक लहानसा चुंबक बांधला आणि तो एकेका भागाजवळ धरत गेले. वायू आत सोडणाऱ्या सुईच्या आधाराशी चुंबक हलकेच कलला. "हा स्क्रू कुणी बसवलाय, ताई?"

मीच. मूळचा स्क्रू हातातून निसटून पंपाखाली गेला, तेव्हा ड्रॉवरमधला 304 स्टीलचा उचलला होता. 304 चुंबकाला चिकटत नाही हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण आटे पाडताना थंड धातू दाबला गेला की तो थोडासा चुंबकीय होतो, हे काकांना हातानं माहीत होतं. आणि म्यू-मेटल बाहेरचं क्षेत्र अडवतं. चोर घरातच, तोही नेमका इलेक्ट्रॉनच्या वाटेवर, तर ते काय करणार?

टायटॅनियमचा स्क्रू बसवला. नऊ दिवसांनी पहाटे पावणेचारला पडद्यावर दात उगवले. मी फोटो काढून सरांना पाठवला. मला वाटलं, निदान एक शाबासकी. उत्तर आलं: "छान. पण 2.3 ऐवजी 3 वर का?"

डायल सांगते ती ऊर्जा खरी नसतेच. वेगवेगळे धातू जोडले की त्यांच्यात आपोआप थोडा व्होल्टेजचा फरक पडतो, त्या संपर्क-विभवामुळे ती सरकते. त्यावर उपाय हेलियम: 19.37 इलेक्ट्रॉन-व्होल्टला त्याच्या आलेखात एक अरुंद खाच पडते, ती कुठे दिसते ते पाहून डायल सुधारायची. माझी 0.7 ने पुढे होती. हेलियमचा आणखी एक उपयोग म्हणजे त्याच्यावरून इलेक्ट्रॉन किती विखुरतात याचे आकडे सिद्धांतातून अचूक माहीत आहेत, त्यामुळे दोन्ही वायूंचे प्रवाह जुळवून तुलना केली की नायट्रोजनचा खरा आकडा मिळतो.

त्यात आणखी सहा आठवडे गेले. माझ्या स्वतःच्या रेणूची बाटली अजून सीलबंद होती.