हिंट : नेहमीचा

शुक्रवार, रात्री

जेवताना मामांचा फोन आला. “अगं, कॉम्प्युटर उघडंना झालाय. पासवर्ड घालायलोय, खरं घेईना बघ.” इथपर्यंत ठीक होतं. पुढं म्हणाले, बेळगावातल्या एका दुकानात विचारलं, तिथला पोरगा म्हणाला आणून टाका, फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जावा. उद्याच्या पहिल्या गाडीनं ते मशीन पोत्यात बांधून आणायच्या तयारीत होते.

फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून टाकणं. मी म्हटलं, मामा, हात लावू नका त्याला. मीच येते.

त्या मशीनमध्ये गावच्या साहित्य संमेलनाची स्मरणिका आहे. उचगाव, कडोली, येळ्ळूर, सांबरा, आमच्या भागात थंडी सुरू झाली की गावोगावी मराठी संमेलनं होतात. मामांच्या गावचं त्यातलं अगदी छोटं, देवळापुढच्या मांडवात मावणारं. मामा निवृत्त मास्तर, त्यामुळं संपादक तेच, प्रूफं तपासणारे तेच आणि दोन बोटांनी टाइप करणारेही तेच. कौलांच्या भट्टीवर आयुष्य काढलेल्या एका आजोबांच्या आठवणी, शाळेतल्या पोरींच्या कविता, मामींनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या, असं बरंच काही त्यांनी पावसाच्या आधीच टाइप करून ठेवलं होतं. हाताने लिहिलेले कागद ज्याचे त्याला परत गेले.

आणि मग पाऊस. जांबोटीच्या पुढं तो कसा लागतो ते खानापूरकरांना सांगायला नको. लाइटचा भरवसा नाही, भिंतींना ओल. मामांनी मशीन पुसून प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवलं ते दिवाळी होईपर्यंत. एवढ्या महिन्यांत पासवर्ड डोक्यातून गेला. जाणारच. रोज घालावा लागतो तो पासवर्ड बोटांना पाठ असतो, डोक्याला कधीच नसतो.

मला राग आला तो दुकानातल्या उत्तराचा. कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करायला लागल्यापासून हे ऐकतेय. चालत नाही? फॉरमॅट. हळू चालतो? फॉरमॅट. पासवर्ड विसरला? फॉरमॅट. त्या पोराचंही खरं असेल, त्याला दिवसभरात पुष्कळ मशीनं उरकायची असतात. पण “आत काय आहे?” एवढं तरी विचारावं की नाही माणसानं?

शनिवार

गाडीचा बोर्ड कन्नडात, कंडक्टरची हाक मराठीत. “किणये, जांबोटी, कणकुंबी!” खिडकीची जागा मिळाली. पिशवीत लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी मशीन चालवणाऱ्या दुसऱ्या प्रणालीचा पेनड्राइव्ह, एक रिकामी हार्ड डिस्क, आणि मामींसाठी कुंदा.

मशीन माजघराच्या कोपऱ्यात. ताडपत्री काढलेली, पण मागच्या पंख्याच्या जाळीत पालीची दोन अंडी तशीच होती. मामी म्हणाल्या, “ती आधी काढ. मला वाटालंय त्यामुळंच बंद पडलंय.” अंडी काढली. मशीन सुरू झालं, विंडोज १० चा पडदा आला, मामांचं नाव आलं, आणि खाली ती चौकट.

आमच्याकडं पासवर्ड विसरला म्हणून कुणी आलं की मी आधी भाषा बघते. लॅबमध्ये एकाच कीबोर्डवर तीन भाषा चालतात. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या कीबोर्डच्या मांडणीत, ‘के’चं बटण दाबलं की मराठीत मराठी क, कन्नडात कन्नड क, जागा तीच. आणि पासवर्डच्या चौकटीत सगळ्या भाषांचे ठिपके सारखेच काळे. त्यामुळं पुष्कळ ‘विसरलेले’ पासवर्ड विसरलेले नसतातच, ते भलत्या लिपीत पडत असतात. इथंही कोपऱ्यात भाषा कन्नड निघाली. पावसाच्या आधी शेजारच्या पोरानं पंचायतीचा अर्ज टाइप केला होता म्हणे. मी मनात म्हटलं, सुटलो. इंग्रजी केली, कॅप्स लॉक बघितलं, आकड्यांसाठी नम लॉक बघितलं, चौकटीतला डोळा दाबून अक्षरं दिसतील असं केलं आणि मामांना म्हटलं, घाला आता.

घातला. चुकीचा. दुसरा घातला. तोही चुकीचा. आणि मग चौकटीखाली हिंट उमटली. पासवर्ड ठेवताना आपणच आपल्यासाठी लिहून ठेवतो ती आठवणीची ओळ. मामांनी लिहिलं होतं : नेहमीचा.

मामी हसून हसून खाली बसल्या. “नेहमीचा म्हणजे कुठला हो?” मामा गंभीरपणे म्हणाले, “तेच तर आठवंना की.”

यानंतर मी काहीच अंदाज बांधत बसले नाही. आधी फाइली बाहेर काढायच्या. हा पासवर्ड मामांच्या खात्याला आहे, डिस्कला नाही. डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर विंडोज सुरूच न करता पेनड्राइव्हवरचं लिनक्स सुरू करायचं आणि त्यातून डिस्क उघडायची. मशीन पुन्हा चालू करून बूटचा मेनू, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ती यादी, आणला, पेनड्राइव्ह निवडला, ‘ट्राय’ म्हटलं. ‘इन्स्टॉल’ नाही, नाहीतर दुकानातल्या पोरात आणि माझ्यात फरक काय! थोड्या वेळानं मामांच्या डेस्कटॉपचा फोल्डर समोर. स्मरणिका, पाहुण्यांची यादी, जमाखर्च, ओव्या, सगळं जागच्या जागी.

मामा बघतच राहिले. आनंद झाला, पण दुसऱ्याच मिनिटाला विचारलं, “म्हणजे पासवर्ड नसताना कुणीबी असं आत येऊ शकतंय?” बरोबर विचारलं. येऊ शकतं. असल्या जुन्या मशीनला पासवर्ड आहे म्हणजे आतलं सगळं सुरक्षित, हा समज मोडायला हा पेनड्राइव्ह पुरतो. नव्या लॅपटॉपची गोष्ट उलटी. तिथं मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन इन केलं की बरेचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, आणि तिथं ही युक्ती चालत नाही. ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, लागते. ती बहुधा त्या ऑनलाइन खात्यात जपलेली असते, पण ते खातं कुणाच्या मोबाइल नंबरवर काढलंय हे घरात कुणाला ठाऊक नसेल तर आतलं गेलंच म्हणायचं. लॅबमध्ये असे एक-दोघे रडवेले होऊन गेलेत. त्यांच्यापुढं मामांचं जुनं धूड भाग्याचं.

फाइली हार्ड डिस्कवर उतरल्यावर माझं काम खरं तर संपलं होतं. पण मामांना मशीन त्यांच्याच खात्यात, होतं तसं हवं होतं. “आत लिहिलेला असेल की पासवर्ड, तुझ्या त्या लिनक्सातनं बघून सांग.” तसा तो लिहिलेला नसतो. विंडोज पासवर्ड ठेवतच नाही, त्याचा हॅश ठेवतं. जोंधळा दळून आणला की पिठावरून दाणे परत करता येत नाहीत, तसं ते. तुम्ही पासवर्ड टाकला की तो पुन्हा दळायचा आणि आधीच्या पिठाशी ताडून बघायचं, एवढंच ते करतं. मामांचा ‘नेहमीचा’ कोणता होता हे मशीनलाही ठाऊक नाही.

बाहेरून तो हॅशच पुसून टाकायच्या वाटा आहेत. मी त्या शेवटी ठेवते. तसं जबरदस्तीनं बदललं तर ब्राउझरमध्ये साठवलेले बाकीचे पासवर्ड हातचे जातात, आणि कुणी विंडोजच्या सोयीनं एखादी फाइल एन्क्रिप्ट केली असेल तर तीही. मामांची पेन्शनची, बँकेची, सगळी पानं त्या ब्राउझरच्याच भरवशावर.

राहता राहिले सुरक्षेचे प्रश्न. विंडोज १० मध्ये २०१८ पासून, अशा ऑनलाइन नसलेल्या खात्यालाही तीन प्रश्न ठेवता येतात. पासवर्ड चुकला की खाली रीसेटची लिंक येते, तिन्ही उत्तरं बरोबर दिली की नवा पासवर्ड ठेवायचा. लिंक आली! खातं काढताना पुण्याच्या दादानं ते भरून घेतले होते. त्याला फोन लावला. तो म्हणाला, “मी नुसतं टाइप केलं. उत्तरं बाबांनीच सांगितली.”

पहिला प्रश्न, पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव. दुसरा, जन्म झाला ते शहर. तिसरा, लहानपणीचं लाडाचं नाव.

हे प्रश्न ज्यानं काढले तो माणूस अनोळखी लोकांच्या बिल्डिंगमध्ये राहत असणार. मामांचा पहिला बैल पाखऱ्या, हे अख्ख्या वाड्याला ठाऊक. शेजारचे आप्पा दारात उभे होते, त्यांनी प्रश्न ऐकल्या ऐकल्या तिथूनच उत्तर दिलं. गुपित म्हणून काही नाहीच! अडलं ते स्पेलिंगपाशी. पाखऱ्या इंग्रजीत लिहायचा तर त्यात ‘ए’ किती? शेवटी ‘वाय’ की ‘आय’? आणि जन्माचं शहर? मामा जन्मले याच घरात, ते तर शहर नव्हे. मग खानापूर की बेळगाव? बेळगाव असेल तर ‘यूएम’वालं, की २०१४ मध्ये सरकारनं बदललं ते ‘व्हीआय’वालं? तीन उत्तरं एकदम द्यायची आणि मशीन नुसतं चूक म्हणतं, कुठलं चुकलं ते सांगत नाही. मी पाठकोऱ्या कागदावर तक्ता आखला, एका बाजूला पाखऱ्या, एका बाजूला बेळगावं.

लाडाचं नाव मात्र मामा सांगायलाच तयार नव्हते. “तसलं काय नव्हतं मला.” दादाला माहीत नाही, मामींना माहीत नाही. मग मी आईला फोन लावला, स्पीकरवर. आई क्षणाचाही विचार न करता म्हणाली, “ढब्बू! का गं?”

माजघरात जे काही झालं ते लिहीत नाही. आप्पा दारातून हलायला तयार नव्हते.

दुपारचं जेवण राहिलं बाजूला. ढब्बूचेही दोन प्रकार होतेच, एक ‘बी’ आणि दोन ‘बी’. शेवटी मामाच म्हणाले, “हे बघ, मी सांगितलं असणार ते माझ्या शाळेच्या दाखल्यावर हाय तसंच. मला नवं लिहायची सवयच नाही.” म्हणून ‘यूएम’वालं बेळगाव पक्कं धरलं आणि बाकीची दोन फिरवत बसलो. काळोख पडायच्या आत पडदा बदलला आणि नव्या पासवर्डची चौकट आली. मामांनी टाळी वाजवली नाही की काही नाही, लगेच खुर्ची ओढून बसले आणि आजोबांच्या भट्टीच्या लेखात एक काना राहिलाय तो घातला.

रविवार, सकाळी

निघण्याआधी उरलेली कामं. पासवर्ड रीसेटचा एक पेनड्राइव्ह करून दिला. तो आधी करून ठेवला असेल तरच उपयोगी पडतो, अडल्यावर करता येत नाही. मामींनी तो रेशन कार्डाच्या डब्यात टाकला. हिंटमध्ये काय लिहायचं यावर मामांशी वाद झाला, मी ‘नेहमीचा’ लिहू दिलं नाही. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हा या मशीनवर लिनक्सच घालू या का, असं हळूच विचारून बघितलं. संमेलन होऊ दे म्हणाले. म्हणजे नाही.

शेवटी सुरक्षेचे प्रश्न. मी म्हटलं, पाखऱ्या आणि ढब्बू आता गावभर झालेत, तेव्हा उत्तरं खोटी ठेवू या. जन्माचं शहर विचारलं तर काहीतरी भलतंच लिहायचं, म्हणजे कुणाला सुचणार नाही. मामांना हे फार आवडलं, एकेक चावट उत्तर शोधायला लागले. मामी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “खरी उत्तरं आठवायला काल तुझ्या आईला फोन लावायला लागला. ही खोटी कोण आठवणार की?”

मामा थांबले. मग कपाटातून हजेरीची जुनी वही काढली, मागच्या पानावर तिन्ही उत्तरं लिहिली, खाली सही केली, आणि तारीख घातली.