एक तोळ्याची गोळी

फोर्टातल्या एका बंदुकांच्या दुकानात मी २९ वर्षं काउंटरमागे उभा आहे आणि झुरळं सोडली तर आजवर एकही जीव मारलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको.

बंदुकांचं दुकान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शिकारी येतात. आमच्याकडे येतात बँकांचे गार्ड. बारा बोअरची दुनळी साफ करून घ्यायची, काडतुसं जुनी झाली म्हणून बदलून न्यायची, लायसन्सच्या पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. निवडणूक लागली की अर्धी मुंबई आपापली हत्यारं जमा करायला धावते आणि आमच्या तिजोरीत पाय ठेवायला जागा उरत नाही. बाकी दिवसभर रजिस्टर. काडतूस विकायला एक मिनिट लागतं, त्याची नोंद करायला दहा.

अधूनमधून एखादा पोरगा काउंटरवर कोपर टेकून हळूच विचारतो, "काळवीट मारायला कुठली गोळी लागते?" माझं उत्तर ठरलेलं. आधी वकील लागतो. १९७२ चा वन्यजीव कायदा, पहिली अनुसूची, ३ ते ७ वर्षं. पोरगा हसतो आणि जातो.

म्हणून फेब्रुवारीत डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला तेव्हा मी तेच उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं.

डॉक्टर पार्ल्याचे, हाडांचे सर्जन, आता निवृत्त. त्यांच्या आजोबांची .२७५ बोअरची रायफल आमच्या ताब्यात असते. बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. याच बोअरला जर्मन लोक ७ बाय ५७ माउझर म्हणतात. जिम कॉर्बेटकडे याच बोअरची रिग्बी होती, हे डॉक्टर दर भेटीत एकदा सांगतातच. तिची नवी काडतुसं कित्येक वर्षांत आमच्या दुकानाने पाहिलेली नाहीत. उरलेल्या सतरा जुन्या काडतुसांच्या पितळेला हिरवट डाग धरलाय, ती मी कुणाला झाडू देणार नाही. डॉक्टर वर्षातून दोनदा येतात, रायफल हातात घेतात, बोल्ट मागेपुढे करतात आणि परत देतात.

त्यांचे जावई नोकरीसाठी नामिबियात आहेत. तिथल्या एका खाजगी फार्मवर रीतसर परवान्याने शिकार करता येते. जूनमध्ये जायचं, एक कुडू आणि एक स्प्रिंगबॉक. कुडू म्हणजे पिळदार शिंगांचा, दोन-अडीचशे किलोचा नर. स्प्रिंगबॉक जेमतेम पस्तीस-चाळीस किलोचा. दोन्ही कुरंग, आपल्या काळविटाच्या आणि रोहीच्या गोतावळ्यातले. रायफल इथून न्यायची तर कागदपत्रांतच जून उजाडेल, त्यापेक्षा फार्मवरचीच भाड्याने घ्या, असं मीच सुचवलं. फार्मवाल्याकडे .३०-०६ बोअरची रायफल होती. त्याने तीन गोळ्यांची नावं पाठवून विचारलं होतं, यातली कुठली काढून ठेवू?

"तू सांग," डॉक्टर म्हणाले. "तुला यातलं कळतं."

आता माझ्यासारख्या माणसाला हे वाक्य किती वर्षांनी ऐकायला मिळालं असेल, विचार करा. आपल्याकडे गिऱ्हाइकाला निवडच नसते. .३०३ लष्करी बोअर म्हणून सामान्य माणसाला बंद. इंग्रजांनी ती बंद ठेवली म्हणून .३१५ आली, आणि इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली तरी आम्ही तीच विकतोय. खडकीच्या सरकारी कारखान्याचं काडतूस, २४४ ग्रेनची गोळी. हवी तर घ्या, नाहीतर राहू द्या. कुठलं वजन, कुठली बनावट, किती अंतरासाठी, हे प्रश्न मी फक्त जुन्या कॅटलॉगांत वाचलेले आणि म्हाताऱ्या शिकाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले.

मी डॉक्टरांना आत बसवलं, चहा मागवला आणि दीड तास बोललो.

जावयाच्या कुणा मित्राने त्याहून बारीक, .२४३ बोअरची रायफल सुचवली होती, धक्का कमी बसतो म्हणून. तिथून सुरुवात केली. नामिबियात कायद्यानेच गोळीची ताकद ठरवून दिलेली आहे. नळीतून सुटताना स्प्रिंगबॉकसाठी किमान १३५० ज्यूल, कुडूसाठी २७००. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी सेकंदाला २९६० फूट वेगाने सुटते. कॅल्क्युलेटर काढून मांडून दाखवलं, २६३८ ज्यूल. कुडूला थोडक्यात नापास. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी २७०० फुटांनी सुटली तरी चार हजारांच्या जवळ जाते. काउंटरवरच्या आमच्या नव्या पोराने मध्येच ६.५ क्रीडमूर या नव्या काडतुसाचं नाव घेतलं. तो सगळं यूट्यूबवर शिकलाय, त्याला चहा आणायला परत पाठवलं.

मग गोळी. ग्रेन म्हणजे किती, असं डॉक्टरांनी विचारलं आणि मला हवं तेच झालं. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. हल्लीचे सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात तो नव्हे, जुना, ११.६६ ग्रॅमचा. इंग्रजांच्या काळचा चांदीचा रुपया बरोबर तेवढ्याच वजनाचा. "म्हणजे आजोबांच्या वेळचा एक रुपया," डॉक्टर म्हणाले आणि तळहात पुढे करून वजन अजमावल्यासारखं केलं.

पहिली गोळी १५० ग्रेनची, साधी मऊ नाकाची. वेगवान, सपाट जाते, आत शिरली की पटकन फुलते. छोट्या जनावराला उत्तम. पण जवळून कुडूच्या खांद्याच्या हाडावर बसली तर वरच्यावर फुटून बसायची, जखम मोठी आणि खोली नाही. दुसरी १६५ ची, सबंध तांब्याची. कुठल्याही हाडातून जाईल, पण बारीक छातीतून सुईसारखी आरपार जाण्याची धास्ती. तिसरी १८० ची. तिचं शिसं तांब्याच्या आवरणाला आतून जोडलेलं असतं, त्यामुळे फुलते पण फुटत नाही. हाड मोडूनही वजन टिकवते. रायफलीचा नेम २०० यार्डांवर जुळवलेला असेल तर ३०० वर ही गोळी आठ-नऊ इंच खाली येते, पण एवढ्या लांबून मारायला तुम्हाला कोण सांगतंय?

दोन जनावरांना एकच गोळी न्यायची तर मोठ्याचा विचार करून निवडायची. एक तोळ्याची घ्या, असं मी सांगितलं. डॉक्टरांनी डायरीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली. ते गेल्यावर शेठ म्हणाले, "काही विकलंस का?" नाही. "मग डोकं कशाला खपवलंस?"

जुलैत धो धो पावसात डॉक्टर आले. छत्री दाराशी ठेवली, खिशातून औषधाची छोटी डबी काढली आणि काउंटरवर उपडी केली. आत गोळी. पुढचं अर्धं अंग अळंबीसारखं उलटून मागे वळलेलं, तांब्याच्या चार पाकळ्या, मध्ये काळपट शिसं, एका पाकळीत हाडाचा पांढरा कण अडकलेला. मागचा भाग मात्र कारखान्यातून आल्यासारखा गोल. कुडू एकशेवीस मीटरवर तिरका उभा होता. अलीकडचा खांदा मोडून गोळी पलीकडच्या कातडीखाली सापडली. पन्नास पावलं गेला आणि बसला.

मला राहवलं नाही. झवेरी बाजारात एक ओळखीचे सराफ आहेत, भिजत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चिमट्याने गोळी काट्यावर ठेवली. ९.९ ग्रॅम. म्हणजे शंभरातलं पंच्याऐंशी वजन शिल्लक. "सोनं आहे का काय?" सराफांनी विचारलं. त्यांनी ती सवयीने गुलाबी कागदात बांधूनही दिली.

परत आलो तर डॉक्टर तसेच बसलेले. मग स्प्रिंगबॉकचं सांगितलं.

सकाळी उघड्या माळावर, एकशेसत्तर मीटरवर, आडवा उभा. गोळी लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. जनावर ताठ झालं आणि पळालं. पहिल्या शंभर पावलांत रक्ताचे तीन-चार ठिपके, मग गवताच्या काडीवर हिरवट, चघळलेल्या पाल्यासारखं काहीतरी. मग काहीच नाही. मागकाढ्याने अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्ह्यांनी उरवलेलं सापडलं. पैसे द्यावे लागलेच. तिथे रक्ताचा एक थेंब पडला तरी जनावर तुमच्या खात्यावर.

"गोळी उघडलीच नाही रे," डॉक्टर म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी "छातीत दम नसतो ना त्यांच्या, गोळीला अडवायला काही लागतं" असलं काहीबाही बोललो. पण हिरवं म्हटल्याबरोबर मला कळलं होतं. हिरवं म्हणजे पोट. गोळी छातीत गेलीच नव्हती, मागे गेली होती. डॉक्टरांनी कुठे नेम धरला होता ते त्यांनी स्वतःच हाताने दाखवलं, खांद्याच्या चांगलं मागे, अंगाच्या बरोबर मध्यावर. आफ्रिकेतल्या कुरंगांचं काळीज पुढच्या पायांच्या मध्ये, खाली असतं. पुढच्या पायाच्या रेषेत वर यायचं आणि खालच्या एक तृतीयांशावर थांबायचं. हे मी विसाव्या वर्षापासून ऐकत आलोय. त्या दीड तासात ज्यूल सांगितले, तोळा सांगितला, आठ-नऊ इंच सांगितले, आणि हे एक वाक्य सांगितलं नाही. समोर सर्जन बसला होता. चाळीस वर्षं माणसं उघडून बघितलेल्या माणसाला मी काळीज कुठे असतं ते सांगणार?

त्या दिवशीही बोललो नाही. बोललो असतो तर फेब्रुवारीत का नाही सांगितलंस, हे आलंच असतं. आणि डॉक्टरांचं सगळंच चुकीचं असंही नाही. तीच जखम १५० च्या मऊ गोळीने झाली असती तर आत जास्त फाटलं असतं, कदाचित जनावर माळावरच कुठेतरी लवकर बसलं असतं. कदाचित. या 'कदाचित'वर मी महिनाभर रात्री पडल्या पडल्या हिशोब करतोय. डॉक्टरांना हिरव्याचा अर्थ कळला नसेल, हेही मला खरं वाटत नाही.

गेल्या रविवारी लालबागला आमच्या मटणवाल्याकडे गेलो. आख्खा बोकड आकड्याला लटकत होता, सोललेला, पोट साफ केलेला. विचारलं, दादा, याचं काळीज नेमकं कुठे असतं? त्याला वाटलं मला कलेजी हवीय. नाही, म्हटलं, दिल. जिवंत असताना, उभा असताना, कुठे?

त्याने सुरा खाली ठेवला, थाळीतून दिल उचललं, उघड्या बरगड्यांतून हात आत घातला आणि ते जागेवर नेऊन धरलं. मग दुसऱ्या हाताच्या बोटाने बाहेरून टोचून दाखवलं. खांद्याच्या मागे नाही, खांद्याच्या आड. कोपराच्या जरासं वर. मी जितकं खाली समजत होतो त्याहूनही खाली.

"कशाला पाहिजे?" त्याने विचारलं.

मी मोबाईल काढला. "असंच धरून ठेव जरा," म्हटलं, आणि फोटो घेतला. मागे रांगेतल्या बाई ओरडायला लागल्या होत्या. अर्धा किलो सीना घेतला आणि निघालो. डॉक्टरांचा नंबर उघडून फोटो जोडलाय. पाठवलेला नाही अजून.