तुम्ही विचारलंत म्हणून: 'नक्की काय ते सांगा की!'

"एवढं संख्याशास्त्र शिकवता, मग नक्की होणार का नाही ते का सांगत नाही?" सोलापूरच्या गड्डा यात्रेत भेटलेला जुना विद्यार्थी हेच विचारतो, पंगतीला शेजारी बसलेले काकाही हेच. एकदाच लिहून टाकतो.

'मुलगाच होईल' म्हणून पुडी देणाऱ्या बाबाला असं कुणी धरत नाही. त्याने डोळे मिटून पुड्या वाटल्या तरी निम्म्याअधिक घरी मुलगा होणारच. ती घरं पेढे घेऊन त्याच्याकडे जातात. उरलेली गप्प बसतात, नाहीतर पथ्य चुकलं म्हणतात. मी एवढंच विचारतो, पुड्या एकूण किती वाटल्या आणि पुडी न घेतलेल्यांकडे काय झालं? की लगेच मी नास्तिक!

हे बोलायला सोपं आहे. अवघड गेलं ते धाकट्या बहिणीच्या वेळी.

तिची डबल मार्कर टेस्ट केली होती. रक्तातले दोन घटक, सोनोग्राफीत दिसलेली बाळाच्या मानेमागची जाडी आणि आईचं वय धरून बाळाला डाउन सिंड्रोम, म्हणजे वाढ आणि बुद्धी मंदावणारा जन्मजात गुणसूत्रदोष, असण्याची शक्यता काढतात. रिपोर्टवर लाल अक्षरात 'हाय रिस्क', खाली 1:180, म्हणजे 180 मध्ये 1. बऱ्याच लॅब 1:250 ला रेघ मारतात, तिची शक्यता त्याहून जास्त, म्हणून लाल. आईने लाल तेवढंच वाचलं आणि सिद्धेश्वराला नवस बोलून मोकळी झाली.

सात रस्त्याजवळच्या टपरीवर चहा सांगितला आणि फाइलच्या पाठीवर मी ठिपके काढले. 15 ठिपक्यांच्या 12 ओळी, त्यातला एक गिरवून काळा केला. "हे बघ, असाच रिपोर्ट आलेल्या 180 बायका. 179 जणींना या बाबतीत काही निघत नाही. ही नुसती चाळणी आहे गं, निदान नव्हे."

तिने काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "दादा, ही मीच असले तर?"

"ते यावरून कळत नाही."

"मग ठिपके कशाला काढलेस?"

पुढची पायरी म्हणजे पोटातून सुई घालून गर्भजल काढायचं. त्याने निदान होतं, पण सुईमुळेच गर्भपात व्हायची थोडी शक्यता असते. दोन्ही आकडे शेजारी मांडता येतात. एकीकडे काय गमवायचं आणि दुसरीकडे काय, ते कुठल्या मापाने मोजायचं? पंचविशीतला मी वर्गात ठासून सांगायचो, आकडा समजला की भीती जाते. त्याला म्हणावंसं वाटतं, बाबा रे, आकडा मला पुरता समजला होता, तरी त्या रात्री डोळा लागला नाही. तो म्हणेल, मग काय लाल अक्षरं बघून ठरवायचं होतं? त्याचंही खोटं नाही. आमचं दोघांचं अजून मिटलेलं नाही.

आता विचाराल, शेवटी झालं काय? नाही सांगणार. बाळ ठणठणीत म्हटलं तर "सर बरोबर निघाले" म्हणाल, नाही म्हटलं तर "आकडे फसले". 180 मध्ये 1 या म्हणण्यात दोन्ही बसतं. एका बाळावरून तो आकडा खरा ठरत नाही, खोटाही ठरत नाही. तो तपासायचा तर असा रिपोर्ट आलेल्या हजारो बायका बघाव्या लागतात. बहिणीला त्या हजारोंशी काही देणंघेणं नव्हतं, आणि तिचं चुकत होतं असं मला म्हणवत नाही.